मांजर पाणीच पीत नाही, या उकाड्यात काय करायचं?

काजूबोंडा
नमस्कार मंडळी, एरवी मी रोमातच असते, म्हणजे नुसती वाचते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. मांजरांच्या खाण्यावर इथे ढीगभर धागे आहेत, पाण्यावर वेगळा सापडला नाही, असेल तर लिंक द्या आणि हा उडवा.
तर मडगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात दोन मांजरं. उंडो हा बोका, पाच किलोचा, नसबंदी झालेला, दिवसभर फॅनखाली आडवा. बिबिंका ही मांजरी, तिचं सगळं व्यवस्थित. प्रॉब्लेम उंडोचा. खातो फक्त सुकं खाणं, ते कुरकुरीत दाणे, आणि पाण्याच्या भांड्याकडे जाऊन वास घेतो, एक पंजा बुडवून झटकतो आणि माझ्याकडे असं बघतो की मीच त्याचा अपमान केलाय. पण कोणाची आंघोळ झाली की बाथरूमची फरशी चाटायला पहिला हजर! सासूबाई म्हणतात दूध दे, दूधही पाणीच की. मे महिना आहे, घाम टिपायला टॉवेल पुरत नाही आणि हा दिवसभरात दोन-चार घोट. मुळात मांजराला पाणी किती लागतं आणि याला प्यायला लावायचं कसं?

तिरफळ
धागा मस्त, वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच नमुना आहे. आमची पाटल्या दारच्या बादलीतलंच पिते, तेही कपडे भिजवायचं पाणी काढून ठेवलं असेल तरच. साबण पडायच्या आत तिला हाकलायचं हे माझं रोजचं काम.

फोंडेकर
आमच्या लहानपणी मांजराला पाणी ठेवतात हे ऐकलंही नव्हतं कोणी. घरात चार मांजरं असायची, भात-मासे खायची, उंदीर मारायची, चुलीपाशी झोपायची, म्हातारी होऊन मरायची. हे सगळे फ्लॅटचे लाड आहेत. तहान लागली की पितं जनावर, एवढं डोकं नका लावू.

म्हापसेकरीण
फोंडेकरकाका, तुम्ही रागावून लिहिलंय पण उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे बघा 🙂 मी प्राण्यांच्या क्लिनिकात काम करते, डॉक्टर नाही, पण रोज हेच बघते. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आणि घरच्या मांजरांना तेव्हा काय मिळायचं, तर माशाचं पाणी घालून कालवलेला भात. म्हणजे पाणी ताटातूनच जायचं, वेगळं भांडं लागायचंच नाही. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि अरबस्तानाकडचे रानमांजर, वाळवंटातले, त्यामुळे यांना तहान मुळातच कमी लागते आणि लघवी खूप घट्ट करून शरीर पाणी वाचवतं. कुत्र्यासारखं धावत जाऊन लपालपा पिणं यांच्या स्वभावातच नाही. आता आपण त्यांना देतो सुकं खाणं ज्यात पाणी सहा ते दहा टक्के, आणि अपेक्षा करतो की उरलेलं स्वतः पिऊन भरून काढ. काही काढतात, बरीच काढत नाहीत.
हिशेब सांगते. दिवसाला किलोमागे साधारण ४० ते ६० मिली, खाण्यातलं धरून. उंडो पाच किलो म्हणजे २०० ते ३००. सत्तर ग्रॅम सुकं खाल्लं तर त्यातून पाच-सात मिली मिळणार, बाकी सगळं भांड्यातून, म्हणजे जवळजवळ वाटीभर पाणी. आणि ८५ ग्रॅमचं ओलं पाऊच दिलंत तर एका पाऊचमधूनच ६५-७० मिली पोटात. मग बघा, भांड्याशी भांडायचं की ताट ओलं करायचं?

फोंडेकर
मुद्दा पटला. पण भात-मासे खाऊन जगायची ती मांजरं हे माझं म्हणणं कायम.

म्हापसेकरीण
ती अंगणातली होती काका, उंदीर, पाली, टोळ सगळं खायची. नुसत्या भातमाशावर घरातलं मांजर ठेवलं तर टॉरिन नावाचं पोषक द्रव्य वगैरे कमी पडतं, डोळे आणि हृदय बिघडतं. तयार ओल्या खाण्यात ते घातलेलं असतं. असो, ते अवांतर.

डिचोलीची_मावशी
अगो बाय काजूबोंडा, दूध नको देऊस हां. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, पोट सुटतं, आणि पोट सुटलं की होतं ते पाणीपण जातं. सासूबाईंना गोड बोलून सांग, भांडू नको 😄
मी काय करते ते सांगते. सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलली की डोकी आणि साली टाकायची नाहीत, धुवून पाण्यात चांगली उकळायची, मीठ नाही, हळद नाही, काही नाही, नुसतं पाणी. गाळायचं, थंड करायचं. ते गुलाबी पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवायचं. दुपारी एक खडा काढून वाटीभर साध्या पाण्यात टाकायचा. आमचा बोका आधी खड्याला पंजा मारतो, मग पंजा चाटतो, मग तोंड घालतो, मग वाटी चाटून पुसून ठेवतो. बांगड्याच्या डोक्याचंपण होतं पण वास फार, घरातली माणसं पळतात.

तिरफळ
मावशी, दंडवत! पण जून-जुलैत काय करायचं, १ जूनला ट्रॉलर बंद झाले की सुंगटांचे भाव बघून आम्हालाच पाणी प्यावं लागतं.

डिचोलीची_मावशी
खाडीची मिळतात की रे, मानशीची, म्हणजे खाडीच्या बांधाच्या दारात पकडलेली. नाही मिळाली तर चिकन उकडताना वरचं पाणी काढून घे मसाला घालायच्या आधी. आणि मेमध्येच चार ट्रे करून पिशवीत भरून ठेव फ्रीजरला, मी तेच करते.

म्हापसेकरीण
मावशींना +१, दोनच गोष्टी जोडते. एक, कांदा आणि लसूण कुठल्याही रूपात नाही. हुमणाचा म्हणजे माशाच्या कालवणाचा रस, सोलकढी, सूपच्या तयार वड्या, सगळं बाद. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि थोड्यानेही होतं. दोन, मासे कच्चे नकोत. तारल्यांसारख्या काही माशांत असा घटक असतो जो ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो, रोज कच्चे दिले तर मांजराची मान खाली पडते, तोल जातो. उकळलं की तो प्रश्न मिटतो. सुके बांगडे, सुकी सुंगटं तर अजिबात नाही, नुसतं मीठ असतं ते. आणि उकळलेलं पाणी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका, वाटीत ओतलेलं तास-दोन तासांत उचला, आपल्याकडच्या हवेत लगेच आंबतं.

चिऱ्याची_भिंत
मीठावरून आठवलं. मला एकाने सांगितलं होतं की खाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की मांजर आपोआप जास्त पाणी पितं. लॉजिक बरोबर वाटतं. कोणी केलंय का?

म्हापसेकरीण
स्वतःच्या मनाने नका करू. लघवीच्या त्रासासाठी जे खास खाणं मिळतं त्यातल्या काहींत मीठ जास्त असतं हे खरं, पण ते मोजून असतं आणि डॉक्टर तपासणी करून देतात. आपल्या मांजराच्या किडन्या आधीच कमजोर असतील तर आपल्याला ते दिसत नाही, त्यात मीठ म्हणजे आगीत तेल.

पागोळी
मी थोडं भांड्याबद्दल लिहिते कारण माझा सगळा अनुभव त्यातलाच आहे, आमच्याकडे तीन मांजरं आणि तिघांचे तीन देश. आधी प्लास्टिकचं भांडं काढून टाका, त्याला ओरखडे पडतात, त्यात बुळबुळीत थर बसतो, वास येतो, काहींना हनुवटीवर काळे पुळेसुद्धा येतात. स्टील, काच किंवा चिनीमाती. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मातीची पसरट कुंडली आणली, पाणी गार राहतं आणि मधल्या मांजराला ते जाम आवडलं, पण माती साबण शोषते म्हणून साबण न लावता नारळाच्या काथ्याने घासून गरम पाण्याने धुवायची आणि उन्हात वाळवायची, म्हणून दोन हवीत, एक वापरात एक उन्हात. तोंड रुंद हवं, मिशा काठाला घासल्या की बऱ्याच मांजरांना आवडत नाही, आणि पाणी काठोकाठ भरायचं म्हणजे डोकं आत घालावं लागत नाही.
आता जागा. आपण सगळे काय करतो, खाण्याची वाटी आणि पाण्याची वाटी शेजारी शेजारी, किचनच्या कोपऱ्यात, छान दिसतं. मांजराला ते नको असतं. खाण्यापासून लांब, शी-शूच्या ट्रेपासून तर खूपच लांब, आणि भिंतीकडे तोंड करून प्यावं लागेल असं कोपऱ्यात नको, मागून कोण येतंय ते त्याला दिसायला हवं. मी एक हॉलमध्ये टीव्हीखाली, एक बेडरूमच्या खिडकीत, एक बाल्कनीच्या दाराशी ठेवलंय. तिन्ही एकाच ओळीत ठेवून उपयोग नाही, एक दादा मांजर बसून तिन्हींवर पहारा करू शकतं. काजूबोंडा, बिबिंका तिथेच आसपास बसलेली असते का बघ.

काजूबोंडा
अय्या, हो!! ती फ्रीजच्या वर बसून खाली बघत असते आणि वाटी फ्रीजच्या शेजारीच आहे. मला वाटायचं गार लागतं म्हणून बसते.

पागोळी
बघ. उद्याच हलव.

रोमातला_राजा
फाउंटन घ्या, विषय संपला. हजार-दीड हजारात येतो, वाहतं पाणी बघून मांजर वेडं होतं. पहिल्यांदाच लिहितोय, चूभूद्याघ्या.

चिऱ्याची_भिंत
विषय एवढा सहज संपत नाही हो. आमच्याकडे फाउंटन आहे. आठवडाभर नवलाई, दोघं तासन्तास बसून बघायची. मग पाणी जरा कमी झालं की पंप घुर्रर्र करायला लागला आणि दोघं घाबरून पलंगाखाली. आठवड्याला उघडून पंपाच्या आतला बुळबुळीत थर ब्रशने काढावा लागतो, फिल्टर बदलावा लागतो, आणि पावसात आमच्या भागात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, गेली की फाउंटन म्हणजे साचलेलं डबकं. वाईट नाही वस्तू, पण शेजारी साधी वाटी ठेवायचीच.

रोमातला_राजा
पंप उघडायचा असतो? 😳

चिऱ्याची_भिंत
परत रोमात जायच्या आधी तो उघड बाबा.

फोंडेकर
एक प्रश्न, खरंच विचारतोय. आमच्याकडे नळ आहे आणि विहीर पण. आमची मांजर नळाचं पाणी तोंडात घेत नाही, विहिरीपाशी दोण आहे दगडी, त्यातलंच पिते. विहिरीच्या पाण्याने मुतखडा होतो म्हणतात ते खरं का?

म्हापसेकरीण
काका, नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, आपल्याला जाणवत नाही, त्यांना जाणवतो. रात्री उघड्या पातेल्यात काढून ठेवा, सकाळपर्यंत बराच उडतो. विहिरीचं म्हणाल तर आपली चिऱ्याच्या जमिनीतली विहीर सहसा जड पाण्याची नसते, आणि मांजरांच्या खड्यांना पाण्यापेक्षा घट्ट लघवी, लठ्ठपणा, खाणं आणि ताण ही कारणं जास्त. किनाऱ्याजवळची विहीर उन्हाळ्यात खारट झाली असेल तर मात्र ते देऊ नका. पावसात गढूळ झाली की उकळून द्या. दोणीत शेवाळ आणि डासांच्या अळ्या होतात, ती घासत राहा म्हणजे झालं.

फोंडेकर
घासतो.

सांज_कुळागर
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, जरा लांब होईल. वर सगळे नखऱ्यांबद्दल बोलताहेत, पण बोका असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आमचा बोका असाच, घरातला, जाडा, सुक्या खाण्यावर. एका रविवारी सकाळपासून ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कुंथायचा, बाहेर यायचा, परत जायचा. खालचे शेजारी म्हणाले बद्धकोष्ठ आहे, एरंडेल द्या. बायकोने ट्रे बघितला तर रेती पूर्ण कोरडी, लघवीने रेतीचा होतो तो गोळा एकही नाही. तो मधेच बसून सारखं तिथे चाटत होता आणि उचलायला गेलो तर असा ओरडला की मी तसा आवाज त्याचा कधी ऐकला नव्हता. तीन ठिकाणी फोन केले, एका दवाखान्यात तर सोमवारी या म्हणाले! शेवटी एका डॉक्टरांनी घरून येऊन दवाखाना उघडला. मूत्रमार्ग बंद झाला होता, बारीक स्फटिक आणि चिकट पदार्थ यांचं बूच. भूल देऊन नळी घातली, सलाईन, चार दिवस तिकडेच. डॉक्टर म्हणाले बोक्यांची नळी फार अरुंद असते, लघवी पूर्ण अडली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं, एक-दोन दिवसांत खेळ संपतो. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं ते तुम्हीच समजा.
आता ओलं खाणं, त्यात वरून दोन चमचे कोमट पाणी, आणि रोज रेतीतले गोळे मोजणं. हे मोजणं सगळ्यांनी करा, फुकट आहे. रोज दोन ते चार गोळे, लिंबाएवढे, म्हणजे ठीक. संख्या वाढली आणि आकार चण्याएवढा झाला तर गडबड. काहीच नाही तर ताबडतोब गाडी काढा, रात्र असो की चवथ. आणि रविवारी कोण उघडतं ते आजच विचारून नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

काजूबोंडा
बापरे. अंगावर काटा आला. तुमचा आता बरा आहे ना? मी आत्ताच जाऊन ट्रे बघून आले, दोन गोळे आहेत पण कुठला कोणाचा कळत नाही.

सांज_कुळागर
ठणठणीत आहे, आत्ता कीबोर्डवर बसायला बघतोय. दोघांना दोन खोल्यांत दोन ट्रे द्या, एक रात्र दार लावून वेगळं ठेवा, कळेल.

म्हापसेकरीण
कुळागर, फार चांगलं लिहिलंत. अशा वेळी सिरिंजने पाणी पाजायला जाऊ नका कोणी, नळी बंद असताना पाणी पाजून उपयोग नाही, उलट घाबरलेल्या मांजराच्या फुफ्फुसात जातं.
काजूबोंडा, पाणी मोजायचं असेल तर सोपं आहे. मापाच्या कपाने २५० मिली ओतायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजायचं. पण फॅनखाली आपोआपही उडतं, म्हणून तशीच दुसरी वाटी तेवढंच पाणी घालून जवळच पण मांजर पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवायची, जाळीचं झाकण टाकून. तिच्यातलं जेवढं कमी झालं तेवढं वजा करायचं.
ओल्यावर आणताना घाई नको. दाण्यांचा चतुर्थांश काढून तिथे ओलं, असं करत आठ-दहा दिवसांत बदला. काही हट्टी ओल्याला तोंडच लावत नाहीत, त्यांना दाण्यांवरच चमचाभर कोमट पाणी घालायचं, मग दोन चमचे. भिजलेले दाणे दिवसभर पडू द्यायचे नाहीत. आणि "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवायचं नाही हां, जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं.

डिचोलीची_मावशी
ओलं खाणं जरा कोमट करून दे गो, पाऊच गरम पाण्यात दोन मिनटं बुडव. वास सुटला की येतात. फ्रीजमधलं थंडगार आमचा पण हुंगत नाही.

काजूबोंडा
अपडेट देतेय, सगळ्यांना धन्स! वाटी फ्रीजपासून हलवली, एक हॉलच्या खिडकीत, एक बाथरूमच्या दाराशी, त्याला तिथलीच आवड आहे तर तिथेच घे बाबा. खिडकीतल्या काचेच्या बाऊलमधून पितोय, मी बघत नसेन तेव्हा. बघितलं की थांबतो. ओल्या पाऊचमधली ग्रेव्ही चाटतो आणि तुकडे बिबिंकासाठी सोडतो, मग त्याच ग्रेव्हीत अजून पाणी घालून देते, तेही चाटतो, म्हणजे पोटात गेलं ते गेलंच. सुंगटांचा खडा हिट आहे, इतका की फ्रीजरचं दार उघडलं की दोघं हजर. गोळे तीन झालेत रोज, आकार मोठा, आणि हो, लिंबाएवढा हा शब्द वापरल्यापासून घरात कोणी लिंबूसरबत घेत नाहीये, कुळागर तुमचे आभार. सासूबाई आता दुधाऐवजी सुंगटं सोलायला बसतात आणि "माझ्या उंडोला" म्हणतात.

तिरफळ
😂😂 लिंबूसरबत

फोंडेकर
जरा उलटा प्रश्न आहे. दोणीवाली आमची मांजर बारा वर्षांची. हल्ली ती फारच पाणी पिते, दोणीवरून हलत नाही, आणि वजन उतरलंय असं मुलगी म्हणते. या धाग्याप्रमाणे चांगलंच ना?

म्हापसेकरीण
नाही काका, हे उलट लवकर दाखवायला हवं. म्हाताऱ्या मांजराची तहान अचानक वाढणं हे किडनी, मधुमेह किंवा थायरॉइड यांपैकी काहीतरी असण्याचं लक्षण असतं, वजन उतरत असेल तर नक्कीच. पाणी तोडू मात्र नका, ती पिते कारण शरीरात टिकत नाही. रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला सांगा. लघवीचा नमुना घरी घेता आला तर ट्रे रिकामा करून स्वच्छ धुवा, कोरडा करा, रेती अगदी नावाला किंवा नाहीच, रात्री खोलीत ठेवा, सकाळी सिरिंजने उचलून स्वच्छ डबीत घ्या आणि लगेच न्या, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये. नाहीच जमलं तर डॉक्टर सुईने काढतात, घाबरू नका.

फोंडेकर
ती अंगणात जाते, ट्रे वापरत नाही कधी.

म्हापसेकरीण
मग थेट घेऊन जा, डॉक्टर काढतील. पिंजरा नसेल तर फळांची झाकणाची जाळीदार टोपली चालेल, आत तिचा जुना टॉवेल घाला.

फोंडेकर
उद्या सकाळी जातो. मुलगी टोपली शोधतेय.